दोन सिगारींची एकच राख

मी एक जुनी राखदाणी आहे, बिदरची. जस्त आणि थोडं तांबं वितळवून कारागिरानं मला ओतलं, काठावर चांदीच्या तारेची द्राक्षवेल ठोकून बसवली आणि शेवटी बिदरच्या किल्ल्यातली माती पाण्यात उकळून मला त्यात बुडवलं. त्या मातीनं माझं अंग काळंभोर झालं. चांदी मात्र तशीच पांढरी राहिली. दुकानात मी फुलदाण्यांच्या रांगेत बसले होते तेव्हा लोक वाकून वाकून बघायचे. तेव्हापासूनच मला कौतुकाची सवय लागली. मित्रांनो, कौतुकाची सवय वाईट. दुसऱ्याचं झालं की पोटात दुखतं.

मला विकत घेतलं राघवेंद्ररावांनी. ते तेव्हा उदगीरच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होते. तरुण, एकटे, इस्त्रीच्या सदऱ्याचे. त्यांना सिगार ओढण्याचा शौक होता, पण ओढण्यापेक्षा पारखण्याचा जास्त. एकदा हैदराबादच्या एका जुन्या कंपनीची सिगार त्यांनी घेतली आणि ती का बिघडली आहे यावर कंपनीला चार पानांचं पत्र लिहिलं. कंपनीत तंबाखूच्या पानांची मिश्रणं करणारे मलप्पा नावाचे गृहस्थ होते. त्यांनी उलट टपाली कळवलं, ‘सर, तुमचं म्हणणं बरोबर आहे. यापुढे नवा माल आधी तुमच्याकडे पाठवतो. अभिप्राय कळवा.’ तेव्हापासून दर दोन-तीन महिन्यांनी उदगीर स्टेशनावर लाकडी पेटीचं पार्सल येऊ लागलं.

पारखणं रविवारी सकाळी चाले. आदल्या रात्री कांदा-लसूण बंद, सकाळी चहा नाही. आधी डोळे आणि बोटं. वरचं पान गुळगुळीत आहे का, त्याच्या शिरा जाड आहेत का, दाबल्यावर कुठे पोकळ लागतं का, कुठे गाठ लागते का. मग न पेटवता वास. मग टोक कापून नुसताच एक कोरडा झुरका. मग पेटवणं. काडीचा गंधक पूर्ण जळू द्यायचा, तोवर ज्योत सिगारीजवळ आणायची नाही. धूर छातीत न्यायचा नाही. तोंडात खेळवायचा, सोडायचा, पाण्याचा घोट घ्यायचा आणि वहीत लिहायचं. पहिल्या एक तृतीयांश भागात चव काय, मधल्यात काय बदलली, शेवटी कडू झाली का.

आणि राख? राख माझ्याकडे यायची. चांगल्या सिगारीची राख बोटाच्या पेराएवढी लांब झाली तरी गळत नाही. घट्ट पानाची राख कशी बसते, ओलसर पानाची कशी फुसकन विस्कटते, हे मला अंगानं कळायचं. सर मला उजव्या हाताला ठेवत. “बघ, काय राख आहे!” असं माझ्याशी बोलत. दुसरं कोणी नव्हतंच तिथे. ती माझी सुखाची वर्षं.

मग सरांची बदली लातूरच्या कॉलेजात झाली आणि त्याच वर्षी त्यांचं लग्न झालं. विशाखाबाई घरात आल्या. त्याही रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या. सरांपेक्षा चार टक्के जास्त मार्क होते त्यांना, हे सरांनी घरात कधी कोणाला सांगितलं नाही. “एका घरात एक नोकरी पुरे,” असं मात्र सांगितलं.

एका रविवारी सर सिगार पारखत होते. विशाखाबाई भाजीची पिशवी घेऊन दारातून आत येत होत्या. उंबऱ्यातच थबकल्या.

“अहो, हे पान ओलं असतानाच बांधलंय का? पावसात भिजलेल्या पोत्यासारखा वास येतोय मागून.”

“पोत्यासारखा?” सर हसले. “अगं, ही कंपनीची सगळ्यात भारी सिगार आहे.”

“असेल. पण मागून पोतं आहे. आणि सुरुवातीला भाजलेल्या जवसाचा वास होता, तो छान होता.”

त्या आत गेल्या. सरांनी पुन्हा झुरका घेतला, डोळे मिटले, बराच वेळ मिटूनच ठेवले. मग वहीत लिहिलं, ‘आरंभी भाजलेल्या जवसाची आठवण देणारी चव. परंतु पान ओलसर असताना बांधल्याचा संशय.’

पंधरा दिवसांनी मलप्पांचं पत्र आलं. ‘सर, कमाल झाली! गोदामाच्या एका कोपऱ्यात गळती होती, तिथलीच पानं त्यात गेली. तुमच्या नाकाला नमस्कार.’

सरांनी ते पत्र दोनदा वाचलं आणि घडी करून खिशात घातलं. विशाखाबाईंना दाखवलं नाही.

पुढे हीच रीत पडली. पेटी आली की सर सहज विचारल्यासारखं विचारत, “विशाखा, जरा बघ गं, तुला काय वाटतं?” त्या पोळ्या लाटता लाटता हात पुसून येत. सिगार ओढत नसत, नुसती नाकाशी धरत. “हिला वेलदोडा आहे.” “ही जुन्या पुस्तकासारखी.” “ही दोन गावच्या पानांची आहे आणि त्या दोघांचं पटत नाही.” सर हसल्यासारखं करत आणि त्या वळल्या की लिहून घेत. हैदराबादला सरांचं नाव मोठं होत गेलं. घरात मात्र सर बारीकसारीक गोष्टींवरून चिडू लागले. भाजीत मीठ जास्त, टॉवेल जाग्यावर नाही. मीठ आणि टॉवेल हे निमित्त होतं, मित्रांनो. ज्या नाकावर ते मोठे होत होते, ते नाक त्यांच्या चेहऱ्यावर नव्हतं, हे त्यांना सोसत नव्हतं.

आणि मी? मी तर त्यांच्याहून जळत होते. सर आता माझ्याशी बोलत नव्हते. राख झटकताना त्यांची नजर स्वयंपाकघराच्या दाराकडे असायची, बाई कधी येते आणि काय बोलते याकडे. विशाखाबाई मला दर दिवाळीला कोरड्या फडक्यानं पुसून खोबरेल तेलाचा हात फिरवत. माझं अंग चकाकायचं. तरीही मला वाटायचं, ही घरात आली नसती तर बरं झालं असतं.

त्र्याण्णव सालच्या सप्टेंबरात मलप्पांचं पत्र आलं. ‘कंपनी आता कायमचा पारखी नेमणार आहे. मालक तुमचंच नाव घेतात. पेटीच्या झाकणावर तुमची सही छापायची म्हणतात. मी अनंत चतुर्दशीला लातूरला येतो. समोरासमोर तीन सिगारी बघू, मग कागद करू.’

मलप्पांसमोर बाई काही बोलून गेल्या तर? आणि नाही बोलल्या, तर स्वतःला जमेल का? सरांनी दोन दिवस विचार केला. विशाखाबाईंची मावशी केवळाबाई किल्लारीच्या अलीकडच्या एका खेड्यात राहायची. तिचं महिन्यापूर्वी एक पोस्टकार्ड आलं होतं, गुडघे दुखतात, कधीतरी येऊन जा, एवढंच. सरांनी तेच कार्ड काढलं.

“विशाखा, मावशींना बरं नाही म्हणतेस. जाऊन ये ना.”

“आत्ता? गणपती उठायच्या दिवशी?”

“गणपतीचं मी बघतो. म्हाताऱ्या माणसाचं काय सांगावं? दोन दिवस राहा, ये.”

बाईंना बरं वाटलं असावं. नवऱ्याला आपल्या मावशीची काळजी आहे, असं वाटलं असावं. त्यांनी मावशीसाठी शेंगदाण्याचे लाडू केले आणि सकाळच्या एस.टी.नं गेल्या. दार लागलं तेव्हा सरांनी मोठा श्वास सोडला. आणि खरं सांगते, मीही सोडला. आज रविवार नव्हता, तरी आज सर पुन्हा माझे होते.

मलप्पा आले. साठीचे, धोतर-कोट घातलेले, बोटं तंबाखूनं तपकिरी. त्यांनी तीन सिगारी ठेवल्या. तिघींवरचं नावाचं कागदी कडं काढून टाकलेलं होतं. एकीचं वरचं पान काळसर होतं, दुसरीचं फिकट, तिसरीचं तांबूस.

“बघा सर. तुमच्यासारखं कोणाला न्हाई जमत.”

सर तीन तास बसले. एकेक सिगार अर्ध्यापर्यंत ओढली, मध्ये पाणी प्यायले, खिडकीत जाऊन उभे राहिले. आणि बोलले असे की ऐकत राहावं. काळसर सिगारीत त्यांना कोको आणि ओल्या मातीचा वास मिळाला. फिकट सिगारीत गवत आणि मध. तांबूस सिगारीत मिरी आणि चामडं. तिन्ही तीन मुलखांच्या, असा त्यांनी निकाल दिला.

आणि मी तेव्हा काय बघत होते? माझ्या अंगात राखेचे तीन ढीग होते. काळसर आणि तांबूस या दोघींची राख एकच होती. तोच पांढुरका रंग, तेच थर, तीच घट्ट बैठक. वरचं पान वेगळं होतं, पण आतला भरणा एकच. मला कळलं होतं. पण राखदाणीला तोंड नसतं. आणि तोंड असतं तरी त्या दिवशी मी बोलले नसते. सर माझ्याशी बोलत होते, तेवढं मला पुरे होतं.

मलप्पांनी चहा घेतला, सावकाश मान हलवली.

“लई चांगलं बोलता सर तुम्ही,” एवढंच म्हणाले आणि निघाले.

दुसऱ्या दिवशी पहाटे घर हललं. मी टेबलावरून खाली पडले आणि माझ्या वेलीचं एक चांदीचं पान निखळून कुठे गेलं ते कधीच सापडलं नाही. सर बाहेर पळाले, गल्लीतले सगळेच पळाले. लातुरात आमच्या भागात भिंतींना तडे गेले, बाकी सगळे वाचले. उजाडल्यावर रस्त्यात कोणीतरी ओरडत गेलं, “किल्लारीकडं लई वाईट झालंय! गावंच्या गावं बसली!”

सरांनी स्कूटर काढली, पायात चप्पल नव्हती.

तिकडचं मी पाहिलं नाही. जे ऐकलं ते धोंडप्पाच्या तोंडून. धोंडप्पा केवळाबाईंचा शेजारी. पंधरा दिवसांनी बाईंना दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा तो त्यांची पिशवी घेऊन सोबत आला होता. ओसरीवर बसून तो जमिनीकडे बघत सांगत होता.

“दगडमातीची घरं. वरून माळवद आलं खाली. माझं बी गेलं घर. दिवस उगवल्यावर बाईंचा आवाज आला आतून. कणगी आडवी पडली व्हती, तिच्या आडोशाला व्हत्या. डोस्क्याला मागं दगड लागलेला. मावशी न्हाई वाचली. सर आले तवा आमी दगडं उचलून राहिलो व्हतो. सरांनी बी नखं निघंपतुर उचलले.”

सरांच्या बोटांना पट्ट्या बांधलेल्या होत्या.

दिवाळीच्या आधीची गोष्ट. सर अंगणात होते. एकदम धावत आत आले.

“विशाखा! दूध!”

दूध उतू जाऊन करपलं होतं, पातेलं काळं पडलं होतं, घरभर वास सुटला होता. विशाखाबाई शेगडीला पाठ करून तांदूळ निवडत होत्या, अगदी दोन हातांवर.

“काय झालं?” त्या म्हणाल्या.

“वास नाही आला तुला?”

“कसला वास?”

त्यांनी पातेलं पाहिलं. मग वाकून हुंगलं. मग हिंगाची डबी उघडली, रॉकेलच्या डब्याचं झाकण काढलं, तुळशीचं पान चुरगळलं. एकामागून एक. शेवटी तिथेच उभ्या राहिल्या. डॉक्टरांनी सांगितलं, डोक्याला मार लागला की वासाची नस तुटते. वासाची जाणीव येईल परत, किंवा येणार नाही. ती परत आलीच नाही.

मित्रांनो, एक गोष्ट सांगायला मला लाज वाटते, पण लपवणार नाही. बाई तुळशीचं पान चुरगळत होत्या तेव्हा सर माझ्याजवळ उभे होते. एका क्षणापुरतं, डोळ्याचं पातं लवावं तेवढंच, त्यांच्या चेहऱ्यावर हायसं वाटल्याचं मी पाहिलं. पुढच्या क्षणी त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ते मी ओळखलं, कारण माझ्या आतही तेच झालं होतं.

आठवड्याभरात हैदराबादचं पत्र आलं. सर कॉलेजात होते. बाईंनी फोडलं. संध्याकाळी सर आले तेव्हा पत्र टेबलावर होतं, माझ्या खाली दाबलेलं.

“वाचा,” बाई म्हणाल्या. “मोठ्यानं वाचा.”

सरांनी वाचलं. ‘सर, भूकंपात आपण सुखरूप असाल अशी आशा. स्पष्ट लिहितो, राग मानू नये. त्या तीनपैकी दोन सिगारी आतून एकच होत्या. इतकी वर्षं ज्या नाकानं गोदामाची गळती ओळखली, ते नाक त्या दिवशी तुमच्या घरी नव्हतं. ते नाक कोणाचं?’

“चतुर्दशीला आले होते ते?” बाईंनी विचारलं.

“हो.”

“म्हणून मला मावशीकडे पाठवलंत?”

सरांना खोटं बोलता आलं असतं. मलप्पा अचानक आले, असं म्हणता आलं असतं. मी वाट बघत होते.

“हो,” सर म्हणाले. “तू इथे असतीस तर त्यांना कळलं असतं, की सगळं तुझं आहे. मला ते सहन होत नव्हतं, विशाखा. पहिल्या दिवसापासून नाही.”

बाईंनी त्यांच्या हातातून पत्र काढून घेतलं.

“मला म्हणाला असतात, आतच बस, तर मी बसले असते,” त्या म्हणाल्या. “एक अक्षर बोलले नसते. तेवढीसुद्धा ओळख नाही का हो तुम्हाला माझी?”

त्यानंतर किती तरी दिवस त्या घरात फक्त भांडी बोलत होती.

सरांनी मलप्पांना लिहून टाकलं. ‘अभिप्राय सगळे पत्नीचे, नाव फक्त माझं.’ मला वाटलं, आता पत्रं थांबतील. पण मलप्पा स्वतः आले, हातात मिठाईचा पुडा आणि एक नवी सिगार. सरांकडे त्यांनी पाहिलंही नाही. बाईंपुढे हात जोडले.

“अक्का, मालक म्हणतात, बाईमाणूस असलं तरी चालतंय. तुम्हीच या. झाकणावर तुमचं नाव घालतो.”

आणि त्यांनी ती सिगार बाईंच्या हातात दिली. बाईंनी ती नेहमीसारखी नाकाशी धरली. डोळे मिटले. मी आयुष्यात कोणासाठी देव पाण्यात ठेवले नव्हते, त्या दिवशी ठेवले. येऊ दे हिला वास, म्हटलं. मला कोपऱ्यात फेकून दिलं तरी चालेल.

“मलप्पा,” बाई हळूच म्हणाल्या, “कोरा कागद हुंगल्यासारखं वाटतंय हो.”

मलप्पांना भूकंपाचं सगळं सांगावं लागलं. ते डोळे पुसत गेले. त्या दिवसापासून सरांनी सिगार सोडली. मला राख मिळाली नाही ती आजतागायत.

मग माझे उपेक्षेचे दिवस आले. कामवाली साखराबाई, मनानं चांगली, तिनं मला काळी पडलेली समजून चिंच लावून घासली. बिदरीला चिंच म्हणजे माणसाला ॲसिड. माझ्या अंगावर करडे चट्टे पडले. दोन वर्षं मी माळ्यावर जुन्या वर्तमानपत्रांत पडून होते.

मला खाली काढलं ते शेजारच्या मुग्धामुळे. बारावीला रसायनशास्त्रात नापास झालेली ती मुलगी बाईंकडे रडत आली. बाईंनी तिला स्वयंपाकघरातच शिकवलं आणि ती बहात्तर मार्क मिळवून पास झाली. पुढल्या वर्षी अकरा मुली आल्या. ते दिवस तुमच्या आईवडिलांना विचारा. लातूरच्या निकालांचा गाजावाजा झाला आणि उदगीर, नांदेड, मुदखेडहून पोरं ट्रंका घेऊन एस.टी. स्टँडवर उतरू लागली. घराघरात खोल्या भाड्यानं गेल्या. आमच्या ओसरीला पत्रे घातले, बाक टाकले, तीन बॅच सुरू झाल्या. दारावर पाटी लागली, ‘विशाखा क्लासेस’. खडूचे तुकडे ठेवायला काहीतरी हवं होतं, म्हणून बाईंनी मला माळ्यावरून काढलं, पुसलं, तेल लावलं आणि फळ्याखालच्या टेबलावर ठेवलं.

सर संध्याकाळी कॉलेजातून येत तेव्हा दारात पोरांच्या चपलांचा ढीग असे. “मॅडमचे मिस्टर आले,” असं पोरं आपसात म्हणत. सर मान खाली घालून मागच्या दारानं आत जात. त्या माणसाला ते किती टोचत असेल, हे माझ्याइतकं कोणाला कळणार?

एका रविवारी बाई एस्टर शिकवत होत्या. अल्कोहोल आणि ॲसिड गरम पाण्यात ठेवून त्यांनी परीक्षानळीत एस्टर तयार करून दाखवलं. एस्टरना फळांचे वास असतात, हे फळ्यावर लिहिलं. मुदखेडहून आलेली पुनम पहिल्या बाकावर होती. भोळी पोर.

“मॅडम, याचा वास कशासारखा हाय?”

बाई नळी हातात घेऊन थांबल्या. पुस्तकात काय लिहिलंय ते त्यांना पाठ होतं. पण त्यांनी पुस्तकातलं सांगितलं नाही.

“अहो,” त्यांनी आतल्या दाराकडे पाहून हाक मारली, “जरा येता का?”

सर आले. पन्नास पोरांसमोर त्यांनी नळी नाकाखालून हळूच फिरवली.

“पिकलेलं केळं. थोडं जास्तच पिकलेलं. आणि मागे ॲसिड उरलंय, आंबूस. अजून पाच मिनिटं गरम करायला हवं होतं.”

“बाप रे, सरांचं नाक लई भारी हाय!” पुनम म्हणाली. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

किती वर्षांनी कोणी त्यांचं कौतुक केलं होतं. नुसतं हसून आत जायचं होतं, कोणी काही विचारणार नव्हतं. बाई फळ्याकडे तोंड करून उभ्या होत्या.

“नाही,” सर म्हणाले. “हे काहीच नाही, पोरांनो. भारी नाक तुमच्या मॅडमचं होतं. दारात उभं राहून त्या सांगायच्या, पान कुठल्या गोदामातलं आहे. मी ते माझं म्हणून लिहायचो. मला हेवा वाटायचा. त्या हेव्यापोटी मी त्यांना एके ठिकाणी पाठवलं आणि तिथे भूकंप झाला. त्यांचं नाक माझ्यामुळे गेलं. हे तुम्हाला माहीत असायला हवं.”

पुनमच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. बाईंनी वळून सरांकडे पाहिलं. मग खुर्ची पुढे ओढली.

“बसा इथे,” त्या म्हणाल्या. “अजून चार एस्टर करायची आहेत. मला सांगत जा, मी लिहिते.”

सर बसले. त्या रविवारी बाईंनी फळ्यावर चारही वास सरांच्या शब्दांत लिहिले आणि पोरांनी ते तसेच वहीत उतरवून घेतले. दुसऱ्या दिवसापासून सर पुढच्या दारानं घरात येऊ लागले.

मित्रांनो, माझ्या काठावर आता पुष्कळ ओरखडे आहेत. तुमच्या घरी बिदरीची एखादी वस्तू असली तर तिला चिंच लावू नका, वर्षातून एकदा खोबरेल तेलाचा हात फिरवा, तेवढं तिला पुरतं. आणि तुमच्या घरातल्या, तुमच्या बाकावरच्या कोणाचं काही तुमच्याहून चांगलं असेल, आणि ते बघून तुमच्या पोटात दुखायला लागलं, तर ते दुखणं लपवून ठेवू नका. जाऊन त्यालाच सांगा, की मला तुझा हेवा वाटतो. ऐकायला ते माणूस समोर आहे तोवर सांगा.